कॅन्सर सर्जनचं संशोधन तोलणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
कर्करोग शल्यचिकित्सकांची निवड आणि पदोन्नती करणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. गेली सतरा वर्षं मी कॅन्सर शस्त्रक्रिया विभागात रुग्णांच्या नोंदी ठेवते. ऑपरेशन होतं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो, टाके काढून रुग्ण घरी जातो आणि तिथून माझं काम सुरू होतं. तीन महिन्यांनी तो आला का, सहा महिन्यांनी तपासणी झाली का, वर्षाने स्कॅन झाला का, गाठ परत आली का, हे मी बघते. आला नाही तर फोन करते. फोन लागला नाही तर नातेवाइकाचा नंबर शोधते, तोही नाही लागला तर पत्र टाकते. माझ्या स्क्रीनवर प्रत्येक रुग्णाची एक आडवी ओळ असते. ओळीच्या शेवटच्या रकान्यात एक तारीख असते: ‘शेवटची खात्रीशीर माहिती’. ऑपरेशनच्या निकालावर सर्जनने लिहिलेला कुठलाही शोधनिबंध शेवटी त्या तारखेवर उभा असतो.

आपल्यासमोर येणाऱ्या अर्जात मात्र ती तारीख कुठेच नसते. तिथे ‘एकूण शोधनिबंध’ असतं, ‘त्यांपैकी प्रथम लेखक म्हणून’ असतं, एच-इंडेक्स असतो, म्हणजे निबंधांची संख्या आणि इतरांनी घेतलेले त्यांचे संदर्भ मिळून काढलेला आकडा; नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर असतो, म्हणजे त्यातल्या निबंधांचे सरासरी किती संदर्भ घेतले जातात तो आकडा. असे अर्ज भरायला मीही अनेकदा बसले आहे, कारण याद्या जुळवून देण्याचं काम आमच्यासारख्यांच्याच वाट्याला येतं. म्हणून हे लिहिते आहे. सर्जनचं संशोधन आपण ज्या तागडीत घालून तोलता, त्या तागडीमुळे रुग्णांचं नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

एक प्रसंग सांगते. एका अर्जाची मुदत जवळ आली होती. स्तनाच्या कॅन्सरसाठी विशिष्ट पद्धतीने केलेल्या ऑपरेशनांवर, एका लहान गटाचा निबंध पाठवायचा होता. माझ्याकडे आकडे मागितले गेले. मी म्हटलं, नऊ जणींची माहिती चौदा महिन्यांपूर्वीची आहे, मला तीन आठवडे द्या. तीन आठवडे नव्हते. त्या नऊ जणी ‘शेवटच्या भेटीपर्यंत रोगमुक्त’ म्हणून धरल्या गेल्या. नियमाने पाहिलं तर त्यात खोटं काही नव्हतं. निबंध छापून आला. नंतर मी एकेक फोन करत गेले. चौथा फोन एका मुलाने उचलला. मी विचारलं, आई कशा आहेत? पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग तो म्हणाला, “आईला जाऊन अकरा महिने झाले. तुम्ही आत्ता विचारताय?” नऊ जणींपैकी तिघी गेल्या होत्या.

तो निबंध लिहिणारे डॉक्टर वाईट नव्हेत. रक्तस्राव सुरू झालेल्या रुग्णाला रात्री दोन वाजता परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना मी त्यांना पाहिलं आहे. तिघींचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून यादी मागून घेतली, एकेका नावावर बोट ठेवलं आणि केसपेपर न बघता कोणत्या वारी ऑपरेशन केलं होतं ते सांगितलं. त्यांना त्या बायका आठवत होत्या. पण मुदत अर्जाची होती, आणि अर्जात त्या बायकांसाठी रकाना नव्हता.

जगण्याचा आलेख आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. कापलान आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ साली त्याची रीत घालून दिली, तेव्हापासून कॅन्सरवरचा बहुतेक प्रत्येक निबंध तो छापतो. रेषा जिन्यासारखी उतरते. प्रत्येक पायरी म्हणजे एक मृत्यू, किंवा गाठ परत आल्याची नोंद. मधूनमधून रेषेवर बारीक उभ्या खुणा असतात. ज्या रुग्णाची माहिती तिथवरच आहे, पुढची नाही, त्याची ती खूण. कोणाचा पाठपुरावा अजून तेवढ्या वर्षांचा झालेलाच नसतो म्हणून ती येते, तर कोणी यायचाच थांबलेला असतो म्हणून. गणित असं धरून चालतं की खूण पडलेल्यांचं पुढे तेच झालं असेल जे राहिलेल्यांचं झालं. फोन करणाऱ्या माणसाला विचारा. जे येत नाहीत त्यांतले काही ठणठणीत असतात, पण बरेच जण खूप आजारी असतात, पैसे संपलेले असतात, किंवा गेलेले असतात. खुणा जास्त झाल्या की रेषा वर तरंगत राहते. आणि ती तरंगलेली रेषा बघून दुसरा एखादा सर्जन आपल्या रुग्णाला सांगतो, या ऑपरेशनने निकाल चांगला येतो.

आता मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण खरी मेख इथे आहे. औषधाच्या संशोधनात आणि शस्त्रक्रियेच्या संशोधनात एक मोठा फरक असतो. कोणत्या रुग्णावर कोणतं ऑपरेशन करायचं हे सर्जन स्वतः निवडतो, आणि ही निवड तो चांगल्या हेतूने, अनुभवाने करतो. नवीन पद्धत आली की ती आधी लहान गाठीच्या, धडधाकट रुग्णावर वापरली जाते, तसंच करायला हवं. पण मग पाच वर्षांनी जुने केसपेपर काढून दोन पद्धतींची तुलना केली, तर नवी पद्धत सरस दिसणारच. रुग्णच सरस होते. असा निबंध दोन-तीन महिन्यांत तयार होतो. फाइल माझ्याकडे असतेच, आकडेवारीचं सॉफ्टवेअर असतं, एक होतकरू निवासी डॉक्टर असतो. आपल्या यादीत एक आकडा वाढतो.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. पोट उघडून करायचं ऑपरेशन दुर्बिणीतून आणि रोबोटने होऊ लागलं. टाके लहान, रक्त कमी जायचं, रुग्ण लवकर घरी जायचा. जुन्या नोंदींवरून लिहिलेले निबंध सांगत होते की निकाल दोन्हींचे सारखेच. मग काही सर्जननी मिळून ३३ केंद्रांत चाचणी घेतली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३१ स्त्रियांना कोणतं ऑपरेशन मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं गेलं. २०१८ साली निकाल आला. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के होतं, दुर्बिणीतून केलेल्यांत ८६ टक्के. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ९९ आणि ९३.८ टक्के. एवढी तफावत जुन्या नोंदींच्या ढिगाने दाखवली नव्हती. अर्जाच्या यादीत ही चाचणी म्हणजे एक निबंध. त्याआधीचे ढीगभर निबंध मात्र ढीगभरच मोजले गेले.

दुसरं उदाहरण टाटा मेमोरियल रुग्णालयातलं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. स्तनाचा कॅन्सर निदानाच्या वेळीच हाडांत, फुप्फुसांत पसरलेला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून उपयोग होतो का? जुन्या नोंदी सांगायच्या, होतो. ज्यांची गाठ काढली त्या जास्त जगल्या. पण गाठ काढण्याइतक्या तगल्या कोण? ज्यांना औषध लागू पडलं त्याच. ज्या दोन महिन्यांत गेल्या त्यांच्यावर ऑपरेशन झालंच नाही, त्या आपोआप दुसऱ्या बाजूला मोजल्या गेल्या. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर रीतसर चाचणी केली आणि २०१५ मध्ये निकाल छापला: आयुर्मानात फरक नाही. मधलं आयुर्मान, म्हणजे निम्म्या स्त्रिया ज्याहून जास्त जगल्या तो काळ, गाठ काढलेल्यांत १९.२ महिने होतं, न काढलेल्यांत २०.५. सर्जननी वर्षानुवर्षं खपून सिद्ध केलं की या ठिकाणी सर्जरीची गरज नाही. जगातल्या किती स्त्रियांचं एक मोठं ऑपरेशन त्याने वाचलं असेल! आपल्या तागडीत अशा ‘फरक नाही’ म्हणणाऱ्या निकालाला वेगळं वजन आहे का? मी भरलेल्या एकाही अर्जात मला ते दिसलं नाही.

याच रुग्णालयातून, त्याच २०१५ साली उलटं उत्तरही आलं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत हाताला गाठी लागत नसताना मानेचं ऑपरेशन लगेच करावं की गाठ दिसेपर्यंत थांबावं, हा वाद सर्जनांत कित्येक दशकं चालू होता. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २००४ पासून रुग्ण घ्यायला सुरुवात केली. अकरा वर्षांनी, पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणावरून उत्तर मिळालं: लगेच केलं तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, थांबलं तर ६७.५ टक्के. अकरा वर्षं हा शब्द कृपया थांबून वाचा. आपला मूल्यमापनाचा काळ तीन-पाच वर्षांचा असतो. २००४ साली त्या कामाला लागलेल्या एखाद्या तरुण सर्जनने २००८ साली आपल्यासमोर येऊन काय दाखवलं असतं? चालू असलेली चाचणी, संमतिपत्रं, अर्धवट भरलेले तक्ते.

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काळ हाच परीक्षक असतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी माझ्या रकान्यांतून शिकले. अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली स्तनाच्या कॅन्सरसाठी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढण्याच्या ऑपरेशनचे आपले पन्नास रुग्ण छापले. पुढची सत्तरेक वर्षं बायकांनी ते ऑपरेशन सोसलं. हात सुजायचा, बरगड्या दिसायच्या. अमेरिकेतलेच सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७१ साली सुरू केलेल्या चाचणीत कमी कापून पाहिलं. निकाल पंचवीस वर्षं तपासत राहिले आणि २००२ साली पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला: फरक नाही. इटलीत मिलानमध्ये सर्जन उंबेर्तो वेरोनेझी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर स्तन वाचवणारं ऑपरेशन आणि हॉलस्टेडचं ऑपरेशन शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. त्यांचाही वीस वर्षांचा हिशेब २००२ सालीच छापला. विसाव्या वर्षी त्या ७०१ जणींपैकी कोण कुठे आहे हे कोणीतरी शोधत बसलं असेल. त्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. त्यांचं काम मात्र मला माहीत आहे.

जठराच्या कॅन्सरमध्ये तर काळाने निकालच फिरवला. नेदरलँड्समध्ये जास्त लसिकाग्रंथी (कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या आजूबाजूच्या बारीक गाठी) काढणारं मोठं ऑपरेशन आणि मर्यादित ऑपरेशन यांची तुलना १९८९ ते १९९३ या काळात झाली. आधी कळलं ते भयंकर होतं: मोठ्या ऑपरेशननंतर रुग्णालयातच १० टक्के दगावले, मर्यादित ऑपरेशननंतर ४ टक्के. अनेकांनी तिथेच विषय बंद केला. त्या सर्जननी केला नाही. पंधरा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा जठराच्या कॅन्सरने गेलेले मोठ्या ऑपरेशनमध्ये ३७ टक्के आणि मर्यादित ऑपरेशनमध्ये ४८ टक्के होते. दरम्यान प्लीहा आणि स्वादुपिंडाचा तुकडा न काढता तेच ऑपरेशन सुरक्षितपणे करायला जग शिकलं होतं. पाचव्या वर्षी निबंध छापून यादी बंद केली असती तर?

नाव कुठे छापलं जातं, याबद्दलही थोडं लिहायला हवं. मोठी चाचणी एका विभागाची नसते. पन्नास-शंभर सर्जन त्यात रुग्ण घालतात. प्रत्येक रुग्णासमोर बसून ते सांगतात, “दोन्हींपैकी कोणतं ऑपरेशन चांगलं ते मला ठाऊक नाही, म्हणून आपण ते शोधतो आहोत.” हे वाक्य स्वतःच्या रुग्णाला म्हणणं किती अवघड असतं ते मी दारापाशी उभी राहून ऐकलं आहे. मी ज्यांच्याबरोबर काम केलं अशा एका सर्जनबाईंनी नऊ वर्षं असे रुग्ण एका चाचणीत घातले. एकाचाही तक्ता त्यांनी अपुरा सोडला नाही. निकाल आला तेव्हा त्यांचं नाव पुरवणीत, बारीक टाइपात, कित्येक नावांच्या मधे कुठेतरी होतं. त्याच वर्षी त्यांची पदोन्नती नाकारली गेली. शेऱ्यात लिहिलं होतं: ‘संशोधन अपुरे’. त्याच सुमारास दुसऱ्या एका फाइलमध्ये मी एकाच रुग्णगटाचे चार निबंध पाहिले. एक वयानुसार, एक लसिकाग्रंथींनुसार, एक गुंतागुंतीनुसार, एक वजनानुसार. रुग्ण तेच, ऑपरेशन तेच. चारही ठिकाणी विभागप्रमुखांचं नाव मानाचं पान म्हणून शेवटी होतं. ती फाइल पुढे गेली.

त्या बाईंनी मला त्यानंतर फक्त एकच प्रश्न विचारला: “आपले तक्ते पूर्ण आहेत ना?” होते.

आणि तक्त्याची एखादी तारीख काय करू शकते, हे फिशर यांच्याच चाचण्यांनी दाखवलं. त्या चाचण्यांत भाग घेणाऱ्या एका केंद्रातून एकाच रुग्णाच्या ऑपरेशनच्या नोंदीच्या दोन प्रती आल्या. बाकी सगळं शब्दशः सारखं, ऑपरेशनची तारीख तेवढी वेगळी. चौकशीत निघालं की रुग्ण चाचणीच्या नियमात बसावेत म्हणून तिथे नोंदी बदलल्या जात होत्या. ते केंद्र वगळून सगळी गणितं पुन्हा केली गेली आणि निष्कर्ष तेच राहिले. पण १९९४ साली हे जगापुढे आलं तेव्हा स्तन वाचवून ऑपरेशन करून घेतलेल्या बायकांच्या मनात किती काहूर उठलं असेल, याचा विचार मी तारीख टाइप करताना आजही करते.

बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल, तरी मला ती इथे सांगायची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आग्रह धरला की ज्याच्यावर ऑपरेशन केलं त्याचा अंतिम निकाल सर्जनने शोधलाच पाहिजे, आणि निकाल वाईट असेल तर का, हे लिहिलं पाहिजे. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड. एक वर्षानंतर रुग्णाची पुन्हा विचारपूस. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. कॉडमन मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडले, स्वतःचं छोटं रुग्णालय चालवलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांचे निकाल स्वतःच्या १२३ चुकांसकट छापून टाकले. पुढे हाडांच्या सार्कोमाची (हाडांच्या एका प्रकारच्या कॅन्सरची) रुग्णनोंदणी त्यांनीच सुरू केली. कॅन्सर रजिस्ट्रीचं काम करणारे आम्ही लोक त्यांच्याच रांगेत उभे आहोत. आज कॉडमन आपल्यासमोर अर्ज घेऊन आले, तर त्या १२३ चुकांना किती गुण मिळतील?

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. आपल्यासमोर एका दिवसात वीस-पंचवीस फायली येतात. प्रत्येक निबंध वाचायला वेळ नसतो. आकडा असला की वशिल्याचा आरोप होत नाही, न्यायालयात उत्तर देता येतं. कोणाच्या ओळखीवर निवड होण्यापेक्षा यादीवर झालेली बरी, हे मी मान्य करते. दगडापेक्षा वीट मऊ. शिवाय छोट्या निबंधांनाही जागा आहे. एखाद्या दुर्मीळ गाठीचे जगात चाळीसच रुग्ण असतील, तर एकेका रुग्णाची नीट लिहिलेली हकिकत मोलाची असते. तरुण डॉक्टर लिहायला शिकतो तोही अशाच हकिकतींवर. मी निबंध कमी लिहा असं म्हणत नाही. मी म्हणते, आकडाच हवा असेल तर दुसरा मागा. जे आकडे आपण मागता ते या कामासाठी बनलेलेच नव्हते. इम्पॅक्ट फॅक्टर हा ग्रंथालयांनी कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला उपयोगी पडणारा आकडा होता. एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवला. माणसाची निवड करताना नियतकालिकाचा आकडा वापरू नका, असं तर २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढूनच सांगितलं आहे. त्यावर सह्या करणाऱ्या संस्थांतही अर्जाचा नमुना बदललेला नसतो, तेव्हा वाईट वाटतं.

मला हवा असलेला आकडा हा आहे. अर्जदाराने पाच वर्षांपूर्वी एका वर्षात जेवढ्या रुग्णांवर ऑपरेशन केलं, त्यांपैकी आज किती जणांची स्थिती त्याला खात्रीने माहीत आहे? शंभरातले साठ की शंभरातले पंच्याण्णव? हा आकडा फुगवता येत नाही, कारण कोणतीही दहा नावं काढून तारखा तपासता येतात. पाहिजे तर मला बोलवा, मी तपासून देते. याच आकड्याच्या शेजारी ऑपरेशननंतर नव्वद दिवसांत किती दगावले, किती जणांना परत थिएटरमध्ये न्यावं लागलं, कापलेल्या कडेला कॅन्सरच्या पेशी किती जणांत राहिल्या, हेही मागता येईल. अवघड केसेस घेणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून रुग्ण किती आजारी होते तेही सोबत बघावं लागेल, नाहीतर सगळे सोप्याच केसेस घ्यायला लागतील. हे सोपं नाही, हे मला माहीत आहे. पण आकडेवारीशास्त्रज्ञ हे काम रोज करतात, त्यांच्यापैकी एकाला समितीत घ्या.

निबंधांची पूर्ण यादी मागण्याऐवजी अर्जदाराला त्याची पाच कामं निवडायला सांगा. प्रत्येकासमोर त्याने चार ओळी लिहाव्यात: प्रश्न काय होता, तो आधी नोंदवला होता का, माझा हात त्यात कुठे होता, आणि त्यानंतर थिएटरमध्ये काय बदललं. पुरवणीतलं नावही इथे आणू द्या. अमुक चाचणीत मी एवढे रुग्ण घातले, एवढ्यांचे तक्ते पूर्ण आहेत, हे काम म्हणून मोजलं जाऊ द्या. चाचणी चालू असेल तर चालू म्हणून मोजा. नवीन तंत्र शिकून आलेल्या सर्जनने पहिल्या रुग्णापासून सगळे रुग्ण, बिघडलेले धरून, नोंदवले असतील तर ते मोजा. २००९ साली आलेल्या आयडियल या चौकटीत शस्त्रक्रियेच्या नव्या तंत्राची पायरी-पायरीने नोंद कशी ठेवायची ते मांडलेलं आहे, आपल्याला नव्याने काही शोधावं लागणार नाही.

आणि शिकवणं मोजा, हात शिकवणं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आतड्याभोवतीचं चरबीचं आवरण अखंड ठेवून गाठ काढायची पद्धत ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडली. गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण त्याने कमी झालं. पण निबंध वाचून ते कोणाच्या हातात आलं नसतं. नेदरलँड्समधल्या सर्जननी पुढे १,८६१ रुग्णांची चाचणी केली, तेव्हा प्रत्येक रुग्णालयातल्या पहिल्या पाच ऑपरेशनांना शिकवणारा सर्जन शेजारी उभा राहत होता. पॅथॉलॉजिस्टनाही काढलेला भाग कसा कापून बघायचा ते शिकवलं गेलं. त्या शेजारी उभं राहण्याला कोणत्या निबंधात किती जागा मिळते? रुग्णाच्या दृष्टीने मात्र संशोधन तिथेच पोचलेलं असतं.

एक शेवटची विनंती, आणि ती माझ्या स्वतःच्या पोटासाठी आहे असं वाटलं तरी चालेल. सर्जनने पाठपुरावा करावा अशी अपेक्षा ठेवायची आणि त्यासाठी माणूस द्यायचा नाही, हे चालणार नाही. फोन करणारी, तारखा भरणारी माणसं बहुतेक ठिकाणी एखाद्या प्रकल्पाच्या पैशांवर असतात. प्रकल्प संपला की माणूस जातो, आणि रुग्णांच्या ओळी तिथेच थांबतात. माझ्या आधी या टेबलावर जी मुलगी होती ती गेल्यानंतर दीड वर्ष ही जागा रिकामी होती. त्या दीड वर्षातल्या कितीतरी ओळींच्या शेवटी आजही तीच जुनी तारीख आहे. मी खूप शोधलं. काही नंबर आता दुसऱ्याच माणसांकडे आहेत. ते म्हणतात, राँग नंबर, आणि मी माफी मागून फोन ठेवते. कायमस्वरूपी नोंदणी कर्मचारी आहे का, हा प्रश्न विभागाला मान्यता देतानाच विचारा. थिएटरमध्ये दिवा आहे का, असं जसं विचारता तसा.

उद्याच्या माझ्या यादीत एकेचाळीस नावं आहेत. पहिल्या ओळीत एक गृहस्थ आहेत. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, शेवटची माहिती सात महिन्यांपूर्वीची. मागच्या वेळी त्यांचं बोलणं मला नीट कळलं नव्हतं, म्हणून पत्नीने फोन घेतला होता आणि सांगितलं होतं की सकाळी दहानंतर करा, तोवर ते फिरायला गेलेले असतात. दहा वाजून पाच मिनिटांनी करणार आहे.

आपली नम्र,
कॅन्सर शस्त्रक्रिया विभागातील एक नोंदणी कर्मचारी